जुन्या सौर यंत्रणेला नव्या पिढीचे मायक्रोइन्व्हर्टर जोडले आणि भर दुपारी जुना गट बंद पडू लागला: कारणं, तपासणी, दुरुस्ती

छतावरची सौर यंत्रणा सात-आठ वर्षं बिनतक्रार चाललेली असते. घरातला विजेचा वापर वाढतो, छतावर जागा शिल्लक असते, म्हणून आणखी आठ-दहा पॅनल टाकायचं ठरतं. जुन्या मॉडेलचे मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनलखाली बसवलेली, त्याची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारी छोटी यंत्रं) तोवर मिळेनासे झालेले असतात, मग नव्या पिढीचे घेतले जातात. पहिले काही दिवस सगळं ठीक चालतं. मग एखाद्या निरभ्र दुपारी ॲपमध्ये दिसतं की जुन्या पॅनलांचं उत्पादन शून्यावर गेलं आहे. पाच मिनिटांनी ते परत येतं, वर चढतं, पुन्हा शून्य. ढगाळ दिवशी मात्र तक्रार नाही.

माझ्याकडे हे जवळजवळ दोन महिने चाललं. जुन्या गटात २५० वॅटचे १२ मायक्रोइन्व्हर्टर होते, नव्या गटात ३५० वॅटचे १०. बंद पडत होता तो जुनाच गट, त्यामुळे साहजिकच त्याचं वय झालं असं मी धरून चाललो आणि सर्वांत जास्त वेळा पडणारे दोन मायक्रोइन्व्हर्टर काढून टाकले. तरीही गट पडत राहिला. काढलेले दोन्ही पुढे दुसऱ्या ठिकाणी लावून पाहिले तेव्हा दिवसभर नीट चालले. त्यांच्यात कसलाही दोष नव्हता. दोष होता नवा गट जिथे आणि ज्या वायरवर जोडला त्या जोडणीत. विस्तार करणाऱ्या बऱ्याच लोकांचा पैसा आणि वेळ याच गैरसमजात जातो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आलेखाचा आकार पाहा

मीटर हातात घेण्याआधी ॲपमधला दिवसभराचा आलेख नीट बघा. दोन्ही गटांचे आलेख वेगवेगळे काढता आले तर फारच चांगलं.

आलेख करवतीच्या दातांसारखा दिसत असेल, म्हणजे चढतो, एकदम शून्यावर येतो, ठरावीक वेळ थांबतो आणि पुन्हा चढतो, तर मायक्रोइन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी मर्यादेबाहेर गेल्यामुळे स्वतःहून सुटतो आहे. मधला थांबा हीच याची खूण. बहुतेक नियमांत पुन्हा जोडलं जाण्याआधी ग्रिड काही काळ स्थिर असावा लागतो आणि अनेक ठिकाणी हा काळ ३०० सेकंदांचा असतो. यंत्र खरंच बिघडलं असेल तर ते इतक्या शिस्तीत, दर वेळी तेवढ्याच अवधीने परत येत नाही.

माथा कापल्यासारखा सपाट आलेख वेगळा. ४०० वॅटचं पॅनल २९० व्होल्टअँपिअरच्या मायक्रोइन्व्हर्टरवर लावलं की थंड, स्वच्छ दुपारी तो २९० वर थांबणार. हा बिघाड नव्हे, त्याची मर्यादा आहे. वर्षाच्या हिशेबात यातून होणारं नुकसान थोडं असतं. त्यासाठी कोणाला छतावर चढवू नका.

सकाळी दव असताना किंवा पावसानंतर आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल आणि ऊन तापल्यावर सगळं सुरळीत होत असेल, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे. आणि ॲपमध्ये काही मायक्रोइन्व्हर्टर दिसत नाहीत, पण मीटरवर विजेची युनिट पूर्ण पडत आहेत, असं असेल तर वीज तयार होते आहे, फक्त निरोप पोचत नाही. या दोन्हींकडे पुढे येतो.

निर्णायक चाचणी अर्ध्या तासाची

करवतीसारखा आलेख असेल तर निरभ्र दिवशी, उत्पादन सर्वांत जास्त असतं त्या वेळी, नव्या गटाचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) बंद करा आणि अर्धा तास तसाच ठेवा. जुना गट परत येऊन सलग चालू राहिला, तर जुने मायक्रोइन्व्हर्टर ठणठणीत आहेत. तेवढ्याने प्रश्न ९० टक्के सुटला असं समजा, कारण आता शोध एकाच दिशेने करायचा आहे.

त्याच वेळी दोन ठिकाणचं व्होल्टेज मोजून घ्या: एक मुख्य बोर्डवर, दुसरं छतावरच्या जंक्शन बॉक्समध्ये किंवा त्याहीपुढे, ट्रंक केबलच्या (गटातले सगळे मायक्रोइन्व्हर्टर जिच्यावर ओळीने जोडलेले असतात त्या केबलच्या) जितकं टोकाशी मोजता येईल तिथे. बरेच गेटवे (मायक्रोइन्व्हर्टरांची माहिती गोळा करून ॲपला पाठवणारे डबे) प्रत्येक मायक्रोइन्व्हर्टरने मोजलेलं एसी व्होल्टेज दाखवतात. ते मिळालं तर छतावर जाण्याची गरजही नाही. चालू वायरवर मोजमाप करण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

माझे आकडे असे होते. नवा गट बंद असताना बोर्डवर २४५ व्होल्ट आणि जुन्या केबलच्या टोकाला २४९.५. नवा गट चालू केल्यावर बोर्डवर २४६, टोकाला २५४. पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर त्याच्या ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट, आणि जुन्या गटाची वरची मर्यादा तीच होती. बोर्डवर जेमतेम एका व्होल्टचा फरक, टोकाला मात्र साडेचार. बोर्डवर मोजून "व्होल्टेज तर बरोबर आहे" असं म्हणणारा वायरमन खोटं बोलत नव्हता. तो चुकीच्या जागी मोजत होता.

छतावर व्होल्टेज चढतं कशामुळे

वापराच्या बाजूला वायर लांब असली की शेवटच्या दिव्यापाशी व्होल्टेज कमी होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. सौर यंत्रणेत प्रवाह उलटा, छताकडून बोर्डाकडे जातो. तो ढकलण्यासाठी छतावरचं टोक बोर्डापेक्षा वरच्या व्होल्टेजला असावंच लागतं. वायर जितकी लांब आणि बारीक, प्रवाह जितका जास्त, तितकं ते टोक वर.

माझ्याकडे छतावरच्या बॉक्सपासून बोर्डापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती, लांबी २२ मीटर. अशा वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे सुमारे ४.६१ ओहम असतो. जाणारी आणि येणारी धरून लांबी ४४ मीटर. जुन्या गटाचा प्रवाह सुमारे १३ अँपिअर, म्हणून चढ २.६ व्होल्ट. नव्या गटाचे १५.२ अँपिअर त्याच वायरवर आले, एकूण २८.२ झाले आणि चढ ५.७ व्होल्टवर गेला. हे झालं थंड वायरचं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे उन्हात तापलेल्या आणि वर प्रवाहानेही गरम झालेल्या वायरमध्ये तोच चढ ६.७ च्या घरात जातो. त्यात ट्रंक केबलचे स्वतःचे दीडएक व्होल्ट मिळवा. बोर्ड आणि टोक यांच्यातला ८ व्होल्टांचा फरक असा नेमका जुळतो.

वायरची एक दुसरी बाजूही इथे उघडी पडली. साध्या परिस्थितीत ३० अँपिअरच्या आसपास वाहून नेणारी ही वायर तापलेल्या छतावर तेवढं वाहून नेऊ शकत नाही, तिची क्षमता बरीच घटते. म्हणजे व्होल्टेजचा त्रास झाला नसता तरी ती जोडणी चुकीचीच होती. जुना गट पडत राहिला म्हणून निदान ती लक्षात आली.

नवे टिकतात, जुने पडतात, ते का

नव्या गटाच्या टोकालाही व्होल्टेज चढलेलंच असतं. मग तो का पडत नाही? याचं उत्तर यंत्राच्या वयात नाही, नियमांच्या वयात आहे.

वितरित वीजनिर्मिती ग्रिडला जोडण्यासाठी अनेक ठिकाणी आधार मानलं जाणारं आयईईई १५४७ हे मानक २००३ साली आलं, तेव्हा त्यात स्पष्ट होतं की अशा यंत्रणेने ग्रिडच्या व्होल्टेजमध्ये स्वतःहून ढवळाढवळ करू नये. व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की एका सेकंदात सुटायचं, बस्स. छतांवरचे इन्व्हर्टर मूठभर होते तोवर ते बरोबरही होतं. पुढे ते इतके वाढले की एकदम सगळे सुटले तर ग्रिडच डळमळेल. २०१४ च्या दुरुस्तीने व्होल्टेज सावरायची परवानगी दिली आणि २०१८ च्या आवृत्तीने तशी क्षमता असणं बंधनकारक केलं. त्यामुळे नव्या पिढीचे मायक्रोइन्व्हर्टर व्होल्टेज चढू लागलं की आधी रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) खेचून ते खाली आणायला बघतात, आणि तशी सोय चालू केलेली असेल तर साधारण १०६ टक्क्यांपासून आपलं उत्पादन हळूहळू कमी करतात. जुन्यांना असं काही येतच नाही. त्यांच्यापाशी दोनच अवस्था: पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद.

आता दोघांना एका वायरवर बांधलं की काय होतं बघा. व्होल्टेज चढतं, नवे थोडे नमतात, जुने सुटतात. जुने सुटताच प्रवाह निम्म्यावर येतो, व्होल्टेज उतरतं, नवे पुन्हा पूर्ण ताकदीने चालू. पाच मिनिटांनी जुने जोडले जातात, व्होल्टेज पुन्हा चढतं. संध्याकाळपर्यंत हाच फेरा. आणि ॲपमध्ये लाल खूण मात्र फक्त जुन्यांसमोर येते.

दुरुस्ती, माझ्या मते याच क्रमाने

पहिलं काम नव्या गटासाठी बोर्डपर्यंत स्वतंत्र वायर. मी १० चौरस मिलिमीटरची टाकली. तिचा रोध किलोमीटरमागे १.८३ ओहम, त्यामुळे १५.२ अँपिअरला चढ सव्वा व्होल्टच्या आसपास. जुनी वायर जुन्या गटाला परत मिळाली आणि त्याचं टोक २५० च्या आसपास आलं. मायक्रोइन्व्हर्टरपासून जोडणीच्या बिंदूपर्यंतचा एकूण चढ २ टक्क्यांच्या आत ठेवायचा, २३० व्होल्टला म्हणजे ४.६ व्होल्ट, हे मोजमाप विस्ताराचं काम सुरू होण्याआधी कागदावर करून बघा. वायर महाग वाटते, पण ती एकदाच घ्यावी लागते.

ट्रंक केबल लांब असेल तर बोर्डाकडून येणारी वायर तिच्या टोकाऐवजी मध्यावर जोडा. प्रवाह दोन बाजूंना वाटला जातो आणि केबलमधला चढ जवळजवळ चौथाईवर येतो: प्रत्येक बाजूला निम्मे मायक्रोइन्व्हर्टर, निम्मी लांबी. एवढा मोठा फरक इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशाने पडत नाही. तरीही बहुतेक छतांवर टोकालाच जोडलेलं दिसतं, कारण बसवताना ते सोयीचं पडतं.

तीन फेजचा पुरवठा असेल तर नवा गट दुसऱ्या फेजवर घेता येतो का ते तपासा. मात्र फेजमधला असमतोल किती चालतो याची मर्यादा वितरण कंपनीची असते, ती विचारून घ्या.

स्क्रू आवळणं हे काम किरकोळ वाटतं, पण बोर्डात आणि छतावरच्या बॉक्समध्ये एखादा स्क्रू ढिला असला तर तोच काही व्होल्ट खातो आणि तापतो. नवीन काम करताना जुन्या वायरी हलवल्या जातात, तिथेच हे होतं. उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर आवळा. जळकट वास, रंग बदललेलं प्लास्टिक किंवा हाताला जाणवणारी उष्णता असेल तर तो भाग बदलाच.

हे सगळं केल्यावरही गट पडत असेल तर सौर यंत्रणा पूर्ण बंद ठेवून बोर्डवरचं व्होल्टेज दोन-तीन दिवस नोंदवा. सौर बंद असतानाही ते दुपारी २५० च्या पुढे जात असेल तर प्रश्न तुमच्या छतावर नाहीच, वितरण कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. लेखी नोंदी घेऊन तक्रार करा, टॅप बदलून व्होल्टेज खाली आणता येतं.

ग्रिड प्रोफाइल (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीच्या मर्यादांची सेटिंग) बदलून जुन्यांची वरची मर्यादा वाढवण्याचा सल्ला कोणीतरी देतंच. तो मानू नका. ती मर्यादा घरातल्या उपकरणांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी आहे. वितरण कंपनीने लेखी परवानगी दिली तरच ती बदलायची, आणि तेही वायर सुधारल्यानंतर. दोन्ही गटांना योग्य त्या देशाचं आणि कंपनीचं प्रोफाइल दिलेलं आहे ना, एवढं मात्र जरूर तपासा. नवे युनिट कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवरच राहून गेलेले असू शकतात.

एका शाखेवर दोन पिढ्या नकोत

जुन्या ट्रंक केबलवर दोन-तीन जागा रिकाम्या असतात आणि नवे तिथेच बसवावेत असं वाटतं. बहुतेक वेळा कनेक्टरच बसत नाही, आणि ते चांगलंच आहे. उदाहरणार्थ, एनफेज या कंपनीच्या एम२१५ आणि एम२५० ची उत्तर अमेरिकेतली ट्रंक केबल चार वायरची होती, तर आयक्यू मालिकेच्या एक-फेज केबलमध्ये दोनच वायरी आहेत, कारण नव्या युनिटचं आवरण दुहेरी इन्सुलेशनचं असल्याने त्याला अर्थिंगची वेगळी वायर लागत नाही. कनेक्टर कापून, मुरगळून, टेप लावून दोन केबली जोडलेल्या मी पाहिल्या आहेत. असं कधीही करू नका. उन्हापावसात ती टेप दोन मोसमही टिकत नाही आणि आगीचा धोका खरा आहे.

कनेक्टर जुळत असला तरी मोजणी युनिटांच्या संख्येने करू नका, अँपिअरने करा. २४० व्होल्ट आणि २० अँपिअरच्या शाखेवर (एका एमसीबीमागच्या जोडणीवर) एनफेजच्या आयक्यू७ चे १६ बसतात, आयक्यू७ प्लसचे १३ आणि आयक्यू८ए चे ११. सलग चालणाऱ्या प्रवाहाच्या १२५ टक्के एमसीबीच्या आत बसायला हवेत, म्हणजे प्रत्यक्षात १६ अँपिअर. समजा जुने एकेक अँपिअरचे १० आहेत आणि "१६ चालतात, मग अजून ६ टाकू" म्हणून १.४५ अँपिअरचे ६ नवे लावले, तर बेरीज १८.७ होते. असा एमसीबी फक्त कडक उन्हात, तापल्यावर पडतो आणि लक्षण पुन्हा तेच, दुपारी गट बंद. फरक इतकाच की तो आपोआप परत येत नाही, जाऊन उचलावा लागतो.

दोन्ही गट एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे असतील तर प्रत्येक युनिटचा बारीकसा गळती-प्रवाह एकत्र होतो आणि आरसीसीबी कारणाशिवाय पडतो. दोघांना वेगळे आरसीसीबी द्या. दव किंवा पावसात पडत असेल तर ट्रंक केबलवरच्या न वापरलेल्या जागांची झाकणं आणि शेवटचा टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारं झाकण) आधी तपासा. विस्ताराच्या वेळी झाकण काढून परत न लावणं ही नेहमीची चूक. कनेक्टर उघडण्याआधी एसी बाजूचा एमसीबी बंद, मग डीसी कनेक्टर, हा क्रम कधीही उलटा करू नका. भारावर असलेला डीसी कनेक्टर ओढला की ठिणगी पडते आणि ती विझत नाही.

काही युनिट ॲपमध्ये येतच नाहीत

मायक्रोइन्व्हर्टरला चालायला वीज पॅनलकडूनच मिळते. रात्री किंवा पहाटे तो ॲपमध्ये दिसला नाही तर काळजीचं कारण नाही. दिवसा दिसत नसेल तर आधी त्या शाखेवर क्लॅम्प मीटर लावा. अपेक्षित प्रवाह येत असेल तर उत्पादन चालू आहे आणि काम फक्त निरोपाचं उरतं.

पिढी बदलली की निरोपाची भाषाही बदललेली असू शकते, आणि हे खरेदीआधीच तपासायला हवं. एनफेजची एम मालिका आणि आयक्यू मालिका एकाच गेटवेवर चालत नाहीत, दोन गेटवे लागतात. आयक्यू७ आणि आयक्यू८ मात्र एकाच गेटवेवर चालतात. होयमाइल्स या कंपनीच्या एचएम मालिकेचा संवाद २.४ गिगाहर्ट्झवर होतो, एचएमएस मालिकेचा १ गिगाहर्ट्झच्या खाली, त्यामुळे जुन्या डीटीयूला (होयमाइल्सच्या गेटवेला) नवे युनिट ऐकूच येत नाहीत. डीटीयू रीस्टार्ट करत बसण्यात, युनिटचे क्रमांक पुन्हा पुन्हा भरण्यात दिवस जातात आणि ते कधीच सापडणार नसतात.

विजेच्या वायरमधूनच निरोप जात असेल तर आणखी एक अडचण असते. युरोपीय मानकानुसार अशा संवादासाठी ३ ते १४८.५ किलोहर्ट्झचा पट्टा आहे, आणि नेमक्या याच भागात स्वस्त एलईडी ड्रायव्हर, चार्जर, यूपीएस यांचा विजेरी गोंगाट असतो. गेटवे शक्य तितका सौर शाखांच्या एमसीबीजवळ, घराच्या बाकीच्या वायरिंगपासून लांब जोडा. संशय असेल तर घरातले सर्किट एकेक बंद करून बघा. एखादं बंद करताच हरवलेले युनिट पाच-दहा मिनिटांत दिसू लागले, तर गोंगाट करणारं उपकरण त्या सर्किटवर आहे. दोन गेटवे एकाच बोर्डावर असतील तर ते एकमेकांच्या मध्ये बोलतात. उत्पादकाचा लाइन फिल्टर दोन गटांच्या मध्ये बसवला की हे थांबतं.

घराचा वापर उणे दिसू लागला

विस्तारानंतर ही तक्रार इतकी हमखास येते की मी ती यंत्रणेचा बिघाड म्हणूनही धरत नाही. गेटवे घराचा वापर थेट मोजत नाही. मुख्य वायरवरच्या सीटीतून (वायरभोवती बसवलेल्या, प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरमधून) तो ग्रिडशी होणारी देवाणघेवाण मोजतो, उत्पादनाच्या सीटीतून सौर वीज मोजतो आणि दोन्हींची बेरीज करून वापर काढतो.

समजा घरात १ किलोवॅट चालू आहे, जुना गट २ देतो आणि नवा ३. मुख्य वायरवर उणे ४ दिसणार, म्हणजे ४ किलोवॅट बाहेर जात आहेत. उत्पादनाचा सीटी अजून जुन्याच गटावर आहे, तो सांगतो २. बेरीज उणे २. घराने उणे २ किलोवॅट वापरले, असा अर्थ होतो आणि माणूस गोंधळतो. उत्पादनाच्या सीटीतून दोन्ही गटांच्या वायरी एकाच दिशेने गेल्या की हिशेब लगेच जुळतो. दोन गेटवे असतील आणि तसं जमत नसेल तर वापराचा आकडा ॲपमध्ये पाहूच नका, मीटरवरच्या नोंदींवरून काढा. एक वायर उलट दिशेने गेली असेल तर दोन गटांची बेरीज होण्याऐवजी वजाबाकी होते, तेवढं बघून घ्या.

नवं पॅनल जुन्या मायक्रोइन्व्हर्टरवर

जुनं पॅनल फुटलं म्हणून तिथे नवं मोठं लावायचा मोह होतो. वॅटपेक्षा व्होल्टेज बघा. ७२ सेलच्या पॅनलचं उघडं व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) ४९ च्या आसपास असतं आणि थंडीत ते वाढतं, दर अंशाला पाव ते ०.३ टक्का. ० अंशाला ते ५२ च्या पुढे जातं. ४८ व्होल्टची मर्यादा असलेल्या जुन्या युनिटचं नुकसान अशा थंड, स्वच्छ सकाळी होतं. शिवाय एमसी४ (पॅनलच्या डीसी वायरींचे नेहमीचे कनेक्टर) सारखे दिसणारे, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घालू नका. ते बसतात, पण आतला संपर्क नीट होत नाही आणि तापतो.

बॅटरी असेल तर

वीज गेल्यावर बॅटरीचा इन्व्हर्टर स्वतःचा छोटा ग्रिड तयार करतो. बॅटरी भरली की सौर उत्पादन कमी करायला तो फ्रिक्वेन्सी वाढवतो. नवे युनिट त्या प्रमाणात हळूहळू उतरतात. जुने, म्हणजे ६० हर्ट्झच्या पुरवठ्यात ६०.५ च्या वर लगेच सुटायला शिकवलेले, एका क्षणात सगळे बाहेर पडतात आणि पाच मिनिटांनी सगळे परत येतात. त्या झटक्याने बॅटरीचा इन्व्हर्टरही बंद पडू शकतो. बॅटरी इन्व्हर्टर बनवणाऱ्या व्हिक्ट्रॉन कंपनीच्या मार्गदर्शनात सौर इन्व्हर्टरची एकूण क्षमता बॅटरी इन्व्हर्टरच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे, आणि विस्तार करताना नेमका तोच ओलांडला जातो. माझा सल्ला साधा आहे: बॅकअपच्या बाजूला फक्त नवा गट ठेवा, जुना गट मुख्य बोर्डावर ग्रिडच्या बाजूला राहू द्या. २०२१ साली आलेल्या आयक्यू८ सारखे काही नवे मायक्रोइन्व्हर्टर स्वतःच ग्रिड तयार करू शकतात, पण ती क्षमता जुन्यांना त्यांच्या शेजारी बसून मिळत नाही.

स्वतंत्र वायर टाकल्याला आता तिसरं वर्ष आहे. कडक उन्हातही जुन्या गटाचा आलेख अखंड येतो, टोकाचं व्होल्टेज मी महिन्यातून एकदा बघतो आणि आजवरचा सर्वांत मोठा आकडा २५०.८ आहे. चुकून काढलेल्या त्या दोन मायक्रोइन्व्हर्टरपैकी एक परत जागेवर बसवला. दुसरा सुटा म्हणून ठेवला आहे, कारण ते मॉडेल आता मिळत नाही.